लघवी किती झाली?

सकाळी ६.५०

शाहूपुरीत सातच्या आत पोचलं की गाडी लावायला जागा मिळते, नंतर नाही. व्यापारी पेठेतली शटरं अजून खाली असतात. टपरीवरच्या बाकावर रात्रपाळीचे वॉर्डबॉय आणि पहाटेच्या गाडीतून उतरलेले प्रवासी शेजारी शेजारी चहा पीत बसलेले असतात. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी ही पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. आज याच गल्ल्यांत दवाखाने, लॅबोरेटऱ्या आणि औषधांची दुकानं दाटली आहेत. कारण तेच जुनं, स्टेशन आणि एसटी स्टँड चालत जाण्याच्या अंतरावर. पूर्वी गुळाच्या ढेपा उतरायच्या, आता चंदगड, गडहिंग्लज, निपाणी, वैभववाडीहून पेशंट उतरतात.

जुलै संपत आलाय आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कुंभार गल्लीत अर्धेकच्चे गणपती प्लास्टिकखाली उभे आहेत. मी छत्री झटकून जिना चढते.

७.१०

आमचं आयसीयू बारा खाटांचं. आज अकरा भरलेल्या, त्यातल्या पाच सेप्सिसच्या. बाहेरच्या माणसाला हे प्रमाण फार वाटेल, पण देशभरातल्या ३५ आयसीयूंमधल्या ६८० पेशंटांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात निम्म्याहून जास्त जणांना सेप्सिस होता. म्हणजे पाच हा आकडा आमच्याकडचा बरा दिवस.

रात्रीचे आरएमओ बीएएमएस आहेत, आयसीयूतच मुरलेले. ते फाईल बघून बोलत नाहीत, खाटेकडे बघून बोलतात. ‘‘तीन नंबर सुधारल्या. नऊ नंबर उतरणीला. आणि मॅडम, पाच नंबर मला आवडत नाही.’’ हा ‘आवडत नाही’ शेरा मी कुठल्याही स्कोअरइतकाच मानते.

मी प्रत्येक खाटेपाशी पहिला प्रश्न विचारते तो ‘लघवी किती झाली?’ हा. नवीन लागलेल्या सिस्टर पहिल्या आठवड्यात या प्रश्नाला हसतात, दुसऱ्या आठवड्यात मी विचारायच्या आत सांगतात. दर तासाला, वजनाच्या दर किलोमागे निदान अर्धा मिली. साठ किलोच्या माणसाला तीस मिली. मूत्रपिंडाला रक्त नीट मिळत असेल तरच ते लघवी तयार करतं, त्यामुळे पिशवीतला आकडा म्हणजे आत रक्त कुठवर पोचतंय याचा तासातासाचा हिशेब. याला लाखाचं मशीन लागत नाही, दर तासाला वाकून बघणारी सिस्टर लागते. हीच गोष्ट मिळवायला सगळ्यात अवघड असते.

८.१५

तीन नंबरच्या मावशी बासष्ट वर्षांच्या, मधुमेह जुना. काल रात्री आल्या तेव्हा बीपी लागत नव्हतं. मूत्रनलिकेत खडा अडकलेला आणि त्याच्या वर मूत्रपिंडात पू तुंबलेला. रात्री दोन वाजता युरोसर्जनना उठवून आणलं, त्यांनी दुर्बिणीतून डीजे स्टेंटची नळी सारली आणि बोळा निघाल्यासारखा पू बाहेर आला. रात्री दाब टिकवायचं औषध, नॉरअॅड, तासाला बारा मिलीवर होतं, सकाळी चारवर आलंय.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे, रात्रीतच गाडी मारून आला. त्याचा प्रश्न सरळ आहे, ‘‘एवढं भारी अँटिबायोटिक चालू होतं, मग ऑपरेशन कशाला?’’

कारण तुंबलेल्या पुवात औषध शिरतच नाही. तिथं रक्त फिरत नाही, मग औषध जाणार कशातून? सेप्सिसमध्ये औषधाआधी, निदान औषधाबरोबर, उगम शोधायचा. खडा असेल तर वाट मोकळी करायची, गळू असेल तर फोडायचं, आतडं फुटलं असेल तर पोट उघडायचं, पाय सडला असेल तर सडलेला भाग काढायचा. हे पहिल्या सहा ते बारा तासांत व्हायला हवं. कितीतरी पेशंट योग्य अँटिबायोटिक चालू असताना जातात, ते पू तसाच राहिल्यामुळे.

त्याचा दुसरा प्रश्न, ‘‘रक्तात इन्फेक्शन झालंय म्हणजे रक्त बदलायचं का?’’ हाही रोजचाच. जंतू रक्तात सापडलाच पाहिजे असं नाही, पुष्कळदा सापडतही नाही. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी बसून सेप्सिसची व्याख्या बदलली, तिचा गाभा असा की जंतुसंसर्गाला शरीर जे उत्तर देतं तेच हाताबाहेर जातं आणि आपल्याच अवयवांवर उलटतं. रक्तवाहिन्या सैल पडतात म्हणून दाब घसरतो. केशवाहिन्यांच्या भिंती झिरपतात म्हणून रक्तातलं पाणी बाहेर पडून हातपाय सुजतात, फुफ्फुसं ओली होतात. बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. पेशींना प्राणवायू मिळत नाही, मिळाला तरी वापरता येत नाही, आणि रक्तात लॅक्टेट साठतं. पुरेसं पाणी देऊनही दाब टिकवायला औषध लागत असेल आणि लॅक्टेट दोनच्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक. त्या पायरीला पोचलेल्या शंभरातले चाळीसहून जास्त रुग्णालयातच दगावतात. हा आकडा मी नातेवाइकांना लगेच सांगत नाही, पण विचारलं तर लपवतही नाही.

पाच नंबर. पोटाच्या ऑपरेशननंतर आठवडाभर आमच्याकडेच आहे. बरा होत होता, पहाटे थंडी वाजून ताप आला. मानेतली सेंट्रल लाइन जिथं आत जाते तिथली कातडी लालसर. म्हणजे हा जंतू बहुधा आम्हीच दिलेला. लाइन काढली, दोन ठिकाणचं रक्त कल्चरला पाठवलं. हात धुतल्याने बाळंतिणी वाचतात हे व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ मध्ये दाखवलं, लोकांनी त्याला वेड्यात काढलं. आज त्याला कुणी वेड्यात काढत नाही. भिंतीवर पोस्टर आहे, खाटेगणिक सॅनिटायझर आहे, आणि तरी घाईच्या वेळी दोन खाटांमध्ये हात तसेच जातात. मी सिस्टरना रागावते तेव्हा मला माहीत असतं की सगळ्यात वाईट सवय मोठ्या सर्जनांची असते, आणि त्यांना रागावणारं कुणी नसतं.

९.३५

कॅज्युअल्टीतून फोन. गगनबावड्याकडचा शेतकरी, वय बेचाळीस, भाऊ आणि मेव्हणा जीपमधून घेऊन आलेत.

‘‘ताप तर उतरलाय की मॅडम,’’ भाऊ सांगतो, ‘‘दोन दिवस सलाईन लावलं, तवा बरं वाटलं. पर रात्रीपास्नं काय बी बरळायलाय. हातपाय गार पडल्यात. आणि कालपास्नं लघवीच न्हाई.’’

शिकलेल्या माणसापेक्षा खेड्यातली माणसं हे नेमकं सांगतात. शहरातले नातेवाईक तापाचा तक्ता दाखवतात, १०१, १००.४, ९९. सेप्सिसमध्ये ताप उतरणं ही चांगलीच बातमी असते असं नाही, कधी शरीराची ताकद संपली म्हणूनही तो उतरतो. बरळणं, धाप, गार हातपाय, बंद झालेली लघवी ही खरी लक्षणं, आणि ती घरातल्या बाईला डॉक्टरच्या आधी दिसतात.

श्वास मिनिटाला ३२. नाडी १२८. बीपी ७८/४०, म्हणजे सरासरी दाब ५३, हवा असतो निदान ६५. बोटाच्या टोकावर दाबून सोडलं तर रंग परत यायला तीन सेकंद पुष्कळ झाले, याला सहा लागतात. ही बोट दाबायची युक्ती अगदी साधी. पण दक्षिण अमेरिकेतल्या २८ आयसीयूंमध्ये तिची लॅक्टेटच्या तपासणीशी रीतसर तुलना झाली, २०१९ मध्ये निकाल आला, आणि ती कुठंही कमी पडली नाही. वीज गेली तरी चालते.

डोळे पिवळे आणि वर लाल. पोटऱ्या दाबल्या की बेशुद्धीतही कळवळतो. टाचा भेगाळलेल्या. ‘‘रोप लावण चालू हाय का?’’ मी विचारते. ‘‘व्हय, पंधरा दिस चिखलातच हाय.’’

गगनबावडा हा जिल्ह्यात सगळ्यात जास्त पावसाचा तालुका. भाताच्या खाचरात गुडघाभर पाणी, त्यात उंदरांचं आणि जनावरांचं मूत मिसळलेलं आणि पायाला भेगा. लेप्टोस्पायरा हा जंतू शिरायला याहून सोपी वाट नाही. घाटाखाली सिंधुदुर्गात त्याचा आजार, लेप्टो, सगळ्यांना ठाऊक आहे, घाटावर मात्र अजून आधी ‘कावीळ’ म्हणून झाडपाल्याचं औषध होतं. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही धरणारं याचं उग्र रूप अॅडॉल्फ वाइलने १८८६ मध्ये लिहून ठेवलंय. पहिल्या आठवड्यात लेप्टोची रक्ततपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, म्हणून रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

९.४२ ला दोन्ही हातांत जाड सुया. दोन जागचं रक्त कल्चरच्या बाटल्यांत, लॅक्टेट, बाकी सगळं. ९.५५ ला सेफ्ट्रिॲक्सोन शिरेतून आणि नाकातल्या राइल्स ट्यूबमधून डॉक्सिसायक्लिन. दुसरं यासाठी की याच दिवसांत, याच शेतांत स्क्रब टायफस पसरवणारे बारीक किडेही असतात, आणि त्या आजारावर सेफ्ट्रिॲक्सोन चालत नाही. शॉक असेल तर पहिला डोस तासाच्या आत, हे आता जगभर ठरलेलं आहे. विनिपेगच्या आनंद कुमारांनी २००६ मध्ये २७३१ पेशंटांची कागदपत्रं तपासून दाखवलं की दाब घसरल्यानंतर पहिल्या सहा तासांत औषधाला लागणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा इतका मोठा निघाला नाही. पण उशीर चालतो असं कुणीही म्हटलेलं नाही.

मग पाणी. नियम सांगतो किलोला तीस मिली, पहिल्या तीन तासांत. याला साधारण अठराशे मिली रिंगर लॅक्टेट. पण लेप्टोत फुफ्फुसांत रक्त झिरपतं, म्हणून मी पाचशे पाचशे मिली देते आणि दर वेळी छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बघते. आपल्याकडं सलाईनवर लोकांची श्रद्धा अफाट. अशक्तपणा आला, सलाईन. परीक्षेत पोरगी नापास झाली, चक्कर आली, सलाईन. बाटली जेवढी मोठी तेवढा उपचार मोठा. खरं तर सेप्सिसच्या पहिल्या तासांनंतर दिलेलं जादा पाणी त्या झिरपत्या वाहिन्यांतून फुफ्फुसात आणि पोटात जाऊन बसतं. कमी पाणी आणि लवकर दाबाचं औषध, की आधी भरपूर पाणी, याची अमेरिकेत मोठी तुलना झाली, २०२३ मध्ये निकाल आला, तो बरोबरीचा. म्हणजे पाणी ओतत राहण्याला पुरावा नाही.

हजार मिली झाल्यावरही दाब ५८. नॉरअॅड्रिनलिन सुरू. पूर्वी मानेत सेंट्रल लाइन पडेपर्यंत थांबायचे, त्यात तास जायचा. आता दंडाच्या चांगल्या शिरेतून सुरू करायचं आणि लाइन सावकाश टाकायची. पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये चार मिलिग्रॅम, तासाला साडेचार मिली. १०.२० ला सरासरी दाब ६४.

लॅक्टेट ५.१. प्लेटलेट ३८ हजार. क्रिएटिनिन ४.६. कॅथेटर टाकल्यावर पिशवीत आलेली लघवी बारा मिली, चहाच्या रंगाची.

११.१५

भाऊ आणि मेव्हणा समोर बसलेत. मी पाण्यातून येणाऱ्या जंतूबद्दल सांगते, मूत्रपिंडाबद्दल सांगते, डायलिसिस लागू शकेल म्हणते. मेव्हणा हिशेबी आहे. ‘‘मॅडम, सगळ्यात हेवी इंजेक्शन द्या. पैशाचं बघतो आम्ही.’’

हेवी. या शब्दाशी माझं रोजचं भांडण. त्याला आत्ता जे औषध चाललंय त्याची बाटली शंभराच्या नोटेत बसते आणि डॉक्सीची गोळी त्याहून स्वस्त. हे सांगितलं की लोकांचा चेहरा उतरतो, जणू आम्ही उपचार आवरता घेतोय. लेप्टोला स्वस्त औषधच लागू पडतं, महाग दिलं तर जास्त लागू पडणार नाही, हे पटवायला मला त्याला औषध द्यायला लागला त्याहून जास्त वेळ लागतो.

मग त्यांना दाबाच्या औषधाचा आकडा समजावून सांगते, कारण तो समजणं सोपं आहे. कोल्हापुरात पावसाळ्यात प्रत्येकजण राजाराम बंधाऱ्याचे फूट बघत असतो, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. तसाच हा साडेचार. चढत गेला की काळजी, उतरत गेला की आत पाणी ओसरतंय. भाऊ लगेच विचारतो, ‘‘म्हंजे धोका किती मिलीला?’’ मी म्हणते, दहाच्या पुढं गेला तर मी तुम्हाला बोलावून सांगेन.

रेशनकार्ड, आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या टेबलावर पाठवते. योजनेत हे बसतं, पण कागद गावात राहिलेत. व्हॉट्सअॅपवर फोटो मागवा.

१२.४०

लॅबमधून मायक्रोबायोलॉजिस्टचा फोन. तीन नंबरच्या मावशींचं कल्चर. बाटली लवकरच पॉझिटिव्ह झाली, तेव्हाच ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय असं कळवलं होतं. आता नाव आलं, ई. कोलाय. सेफ्ट्रिॲक्सोन चालत नाही, सिप्रो चालत नाही, मेरोपेनेम चालतं.

रात्री मी अंदाजानं मेरोपेनेमच सुरू केलं होतं. अंदाज कशावरून? मावशींच्या पिशवीत तीन वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या अर्ध्या अर्ध्या पट्ट्या होत्या. गेल्या चार महिन्यांत लघवीला जळजळ झाली की दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या. जळजळ थांबली की गोळ्या बंद. खडा तिथंच, जंतू तिथंच, फक्त आता तो त्या गोळ्यांना सरावलेला. २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे, ठरावीक अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रजिस्टर ठेवायचं. पट्टीवर लाल रेघ असते. ती रेघ म्हणजे डिझाइन आहे अशी पुष्कळांची समजूत दिसते.

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. सर्दीला अॅझिथ्रो लिहिणारे आमचेच भाऊबंद. आणि आम्ही आयसीयूवाले तर मेरोपेनेम एकदा चालू केलं की बंद करायला घाबरतो. पाच दिवस झाले, पेशंट चांगला आहे, कल्चर निगेटिव्ह आहे, तरी ‘राहू दे आणखी दोन दिवस’. त्या दोन दिवसांची किंमत पुढचा कुठलातरी पेशंट देतो, जसे आमचे नऊ नंबर देताहेत.

२.२०

डबा. वांगं, भाकरी आणि एका हातानं फोन.

दिवसपाळीची आरएमओ मुलगी एमडीची तयारी करतेय. विचारते, ‘‘मॅडम, सेप्सिसचं स्पेशल औषध कोणतं?’’ नाही. इतकी वर्षं शोधलं, नाही सापडलं. २००१ मध्ये अॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी आलं, लाखांत किंमत, सगळीकडं गाजावाजा. दहा वर्षांनी नव्या चाचणीत उपयोग दिसला नाही आणि २०११ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागं घेतलं. २०१७ मध्ये व्हिटॅमिन सीची लाट आली. स्वस्त होतं म्हणून मलाही मोह झाला. २०२२ ची चाचणी म्हणाली, फायदा नाही, उलट नुकसान दिसतंय.

सगळ्यात बोधक गोष्ट रिव्हर्स या डॉक्टरच्या चाचणीची. २००१, डेट्रॉइट. कॅज्युअल्टीतच पहिल्या सहा तासांत ठरावीक नेम ठेवून उपचार केले आणि मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ वर आले. त्यात एक महागडा कॅथेटर होता, रक्तातला प्राणवायू सतत मोजणारा. जगभर तो विकला गेला. मग २०१४–१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंडमध्ये तीन मोठ्या चाचण्या झाल्या, तिन्हींत त्या कॅथेटरने काही फरक पडला नाही. कारण तोवर बाकी सगळे लवकर ओळखायला, लवकर औषध द्यायला शिकले होते. माझं मत विचाराल तर कॅथेटर कधीच काम करत नव्हता. पेशंटजवळ सहा तास कुणीतरी उभं होतं, ते काम करत होतं.

ती वहीत लिहून घेते. परीक्षेत याला मार्क नाहीत.

३.१०

सिस्टरचा निरोप. गगनबावड्याच्या पेशंटचं नॉरअॅड साडेतेरा मिलीवर गेलंय. दाब जेमतेम ६२. व्हॅसोप्रेसिन जोडते, हायड्रोकॉर्टिसोन पन्नास मिलिग्रॅम दर सहा तासांनी. नाकातून ऑक्सिजनचा हाय फ्लो. भावाला बोलावून सांगते. तो काही बोलत नाही, मोबाईलवर कुणाला तरी फोन लावत बाहेर जातो.

४.३०

नऊ नंबर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पक्षाघातानं दीड वर्ष अंथरुणाला खिळलेले, पाठीला जखमा, दोन मोठ्या रुग्णालयांचा फेरा करून आमच्याकडं आले. कल्चरमध्ये क्लेब्सिएला, मेरोपेनेमलाही न जुमानणारी. कोलिस्टिन चाललंय, त्यानं मूत्रपिंड आणखी खचलं. तीन दाबाची औषधं. लघवी सकाळपासून शून्य.

मोठा मुलगा, सून, पुतण्या. मी खुर्ची ओढून त्यांच्या बरोबरीनं बसते, उभं राहून हे बोलायचं नसतं. मी सांगते की आता आम्ही जे करतोय त्यानं ते बरे होणार नाहीत, त्यांचा त्रास लांबेल. मुलगा बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहतो. मग म्हणतो, ‘‘मॅडम, आप्पास्नी घरातनं जाऊ दे.’’

सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि कृत्रिम उपचार थांबवायची रीत घालून दिली. २०२३ मध्ये ती सोपी केली, दोन वैद्यकीय मंडळं, ठरलेली मुदत. कायद्यानं ते बरोबर आहे. पण इकडं बहुतेक घरांना मंडळांचा रस्ता माहीत नाही. त्यांचा रस्ता एकच, घरी न्यायचं. कागदावर ती ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ सुट्टी होते आणि मला दर वेळी ते शब्द खोटे वाटतात, कारण इथं सल्ल्याविरुद्ध काहीच चाललेलं नसतं. मी त्यांना अॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन, सोबत ब्रदर, आणि वेदनेसाठी, धापेसाठी काय द्यायचं ते लिहून देते. गावच्या डॉक्टरांना फोन करून सांगते. सून विचारते, ‘‘तोंडात पाणी घालू का?’’ चमच्यानं घाला, म्हणते.

सव्वापाचला ते निघतात.

६.००

तालुक्यातल्या एका जनरल प्रॅक्टिशनरचा फोन. मधुमेही माणूस, पायाला चप्पल लागून फोड आला होता, आता पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय, कातडी काळी, दाबलं तर आत चरचरतं. ‘‘पाठवतो मॅडम.’’ बीपी? नव्वद. श्वास? मोजलेला नाही. तेवढा मोजा, मी थांबते. तीस.

या माणसाला गाठायला मला दोन तास लागतील. त्या डॉक्टरकडं आत्ता कपाटात अँटिबायोटिक आहे. मी त्यांना सांगते, पहिला डोस तिथंच द्या, वेळ चिठ्ठीवर लिहा, हाताला जाड सुई लावून रिंगरची बाटली चालू करून पाठवा. ते चाचरतात, ‘‘तुमचं कल्चर बिघडेल ना?’’ बिघडू दे. शॉकमध्ये कल्चरसाठी डोस थांबवायचा नसतो. आमच्याकडं सर्जनला आत्ताच सांगून ठेवते, ओटी मोकळी करायला. या पायातली सडलेली कातडी आज रात्रीच काढली तर पाय राहील, पहाटेपर्यंत थांबलं तर पाय जाईल, उद्या दुपारपर्यंत थांबलं तर माणूस.

असे डॉक्टर मला मोलाचे वाटतात. आमच्या परिषदांत त्यांना कुणी बोलवत नाही. सेप्सिसचा पहिला तास त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये संपलेला असतो आणि आम्ही पंचतारांकित हॉलमध्ये दहाव्या तासाच्या औषधांवर चर्चा करत असतो. १३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन असतो. शाहूपुरीत बॅनर लावून फोटो काढण्याऐवजी त्या दिवशी तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात श्वास मोजायला एक सेकंदकाट्याचं घड्याळ दिलं तरी पुष्कळ होईल.

७.४५

संध्याकाळचा राउंड. पाच नंबरचा ताप लाइन काढल्यावर खाली आला, बीपी शाबूत. तीन नंबरचं नॉरअॅड दुपारीच बंद झालं. मावशी उठून बसल्यात आणि सुनेनं आणलेल्या पेजेत मीठ नाही म्हणून कुरकुरताहेत. लघवी तासाला साठ मिली. मुलाला सांगितलं, मेरोपेनेम सात दिवस, मग बंद. खडा पुढच्या महिन्यात काढायचा, विसरायचं नाही. आणि घरातल्या अर्ध्या पट्ट्या इथं आणून द्या.

पायाला फोड आलेला पेशंट आलाय, ओटीत गेलाय.

९.४०

गगनबावडा. नॉरअॅड साडेअकरा, साडेतेराहून खाली आलेलं. लॅक्टेट ३.४. दाब ६८. बोटाचा रंग चार सेकंदांत परततो. लघवी दुपारनंतर तासाला आठ, दहा, दहा, चौदा. पोटॅशियम ५.४. वाचेल का, भाऊ विचारतो. आज रात्री सांगता येणार नाही. पहाटे सहाचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून डायलिसिसचं ठरेल, नेफ्रोलॉजिस्टना कळवलंय, मशीन राखून ठेवलंय. फुफ्फुसं अजून स्वच्छ आहेत ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

मग मी त्याला सकाळीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारते, त्या खाचरात आणखी कोण कोण होतं? सात जण. दोघांना ताप आहे. एक त्याची स्वतःची बायको, तिचं अंग दुखतंय, डोळे लाल झालेत, ‘‘पर ती म्हणाली, आधी ह्यांचं बघा.’’

मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी चढतंय, रात्री जीप येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मेडिकल ऑफिसरना फोन लावते. त्यांच्याकडं डॉक्सीच्या गोळ्या आहेत. त्या दोघांना ते आत्ताच बोलावून घेतात, बाकीच्यांना सकाळी. लघवी आणि श्वास बघून मला कळवतील. भाऊ फोनवर वहिनीला सांगत जिना उतरतो, की चालत जाऊ नकोस, बैलगाडी तरी काढा.

फोन चालू ठेवून मी ओटीत पायवाल्याचं किती काढायला लागलं ते विचारायला जाते.